पाणी प्यायलेली गाडी

पूर ओसरल्यावर घरात काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. गाळ ओला आहे तोवरच खराट्याने ओढून काढायचा, वाळला की त्याचा दगड होतो. गाद्या बाहेर, भांडी बाहेर. भिजलेला मिक्सर आणि फ्रीज लगेच लावून बघायचा नाही, आधी चांगला सुकू द्यायचा, वायरमनला दाखवायचा. नदीकाठच्या प्रत्येक बाईकडे हे शहाणपण आहे. पण त्याच अंगणात सीटपर्यंत चिखलाने माखून उभी असलेली गाडी? तिच्याजवळ आपण जातच नाही. “हे येऊ देत, ते बघतील.” आणि हे येतात, हँडलवरचा चिखल हाताने पुसतात, किल्ली फिरवतात आणि थेट सेल्फ मारतात. नाही लागली तर किक. किकनेही नाही लागली तर गल्लीतली चार पोरं गोळा करून ढकलगाडी!

मिक्सरला आपण जो नियम लावतो तो गाडीला मात्र कुणीच लावत नाही.

मी हा विषय या पानावर का घेतेय, असं काही जणींना वाटेल. गाडीचं काय ते पुरुष बघतील, आपल्याला कशाला नसता उद्योग! पण मैत्रिणींनो, माझं मत असं झालंय की बुडालेल्या गाडीचं मोठं नुकसान पुष्कळदा पुराने होतच नाही, ते पाणी उतरल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात घाईने होतं. आणि त्या तासाला घरात कोण असतं? खराटा हातात घेतलेल्या आपणच की! त्या वेळी “थांबा, हात लावू नका” असं म्हणणारी बाई घरात हवी. नुसतं म्हणून भागत नाही, का हात लावायचा नाही तेही तिला सांगता आलं पाहिजे. नाहीतर तिचं ऐकतंय कोण?

मी सांगली जिल्ह्यात राहते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेलं तेव्हा जुनी माणसं म्हणाली, आता याच्या वर काही जात नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी. २०१९ ला आम्ही काही जणी छावणीत मदतीला होतो. कुणाचं काय गेलं याच्या याद्या करायचं काम माझ्याकडे आलं होतं. बायका भराभरा सांगायच्या. गहू दोन पोती, शिलाई मशीन, मुलीचे दाखले, शेळी. मग मी विचारायची, “आणि गाडी?” तर उत्तर ठरलेलं, “गाडीचं ह्यांना विचारा.” त्यातल्या एकीने स्वतःच्या बचत गटातून कर्ज काढून स्कूटर घेतली होती. हप्ते ती भरत होती, डबे पोचवायला तीच चालवत होती. तरी गाडीचं ह्यांना विचारा!

त्यांच्याच गल्लीत दोन घरं सोडून एक आशाताई आहेत. दोघींच्या गाड्या एकाच कंपनीच्या, जवळजवळ एकाच वयाच्या आणि एकाच पाण्यात उभ्या होत्या. डबेवाल्या वहिनींच्या दिरांनी पाणी उतरल्या दिवशीच सेल्फ मारला. खाट्‌ असा एक आवाज आला आणि सगळं गप्प. इंजिन खोलावं लागलं, गाडी सव्वा महिना गॅरेजात, आणि बिल जुन्या गाडीच्या निम्म्या किमतीला जाऊन भिडलं. आशाताईंनी किल्ली कमरेला खोचून ठेवली आणि गॅरेजवाला येईपर्यंत कुणाला दिली नाही. त्यांचं काम ऑईल, प्लग, फिल्टर आणि साफसफाई यावर भागलं. नशिबाचा भाग असतो, नाही असं नाही. पण सगळंच काही नशिबावर ढकलता येत नाही.

तो खाट्‌ आवाज कशाचा, ते समजून घेऊ. सायकलचा पंप डोळ्यांसमोर आणा. त्याच्या तोंडावर बोट दाबून धरलं तरी दट्ट्या थोडा खाली जातो, कारण आतली हवा दबते. आता तोच पंप पाण्याने भरा, तोंड बंद करा आणि दाबा बरं! तसूभर हलणार नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. गाडीच्या इंजिनातही असाच एक दट्ट्या नळकांड्यात खालीवर होत असतो. तिथे हवेच्या जागी पाणी भरलंय आणि आपण सेल्फचं बटण दाबलं, तर दट्ट्याला वर जायला जागा नसते आणि मागून जोर तर लागतोच. मग दट्ट्याला धरून ठेवणारा लोखंडी दांडा वाकतो. गॅरेजवाले म्हणतात “रॉड गेला”, तो हा. मोटरसायकल गिअरमध्ये टाकून ढकलत चालू करणं तर सगळ्यात वाईट, कारण तिथे अख्ख्या गाडीचं वजन आणि वेग त्या एका दांड्यावर येतो. पोरांना वाटतं आपण मदत करतोय.

पाणी आत जातं कुठून? हवेच्या फिल्टरमधून, सायलेन्सरमधून, पेट्रोलच्या झाकणातून. पुष्कळ स्कूटरींचा हवेचा फिल्टर मागच्या चाकाजवळ, तसा खालीच असतो. म्हणून ज्या पाण्यातून मोटरसायकल निघून जाते त्याच पाण्यात आपली स्कूटर घुटका घेते आणि बंद पडते. अशी मध्येच बंद पडली तर तिथेच उभं राहून बटण दाबत बसायचं नाही. ढकलत बाहेर आणायची. लोक हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

मग करायचं काय? पहिल्यांदा किल्ली काढून घ्यायची. लाईट लागते का, हॉर्न वाजतो का, हेसुद्धा बघायचं नाही. ओल्या वायरींत वीज सोडली की फ्यूज तरी जातो नाहीतर त्याहून महागाचं काहीतरी. त्यानंतर मोबाईलवर फोटो काढायचे, पुसायच्या आधी. गाडीवर गाळाची रेघ उमटलेली असते, ती नीट दिसली पाहिजे. ती रेघ म्हणजे गाडीची जन्मपत्रिका समजा. फक्त चाकं बुडाली असतील तर ब्रेक आणि बेअरिंगचं काम. रेघ सायलेन्सर आणि इंजिनाच्या वर असेल तर आत पाणी गेलंय असंच धरून चालायचं. सीटच्या वर असेल तर पेट्रोलच्या टाकीपासून सगळंच संशयात.

तिसरी गोष्ट बॅटरी. ती सुटी करायची, त्यात आधी वजा खुणेची वायर काढायची, मग अधिकची. कुठल्या स्कूटरला ती पाय ठेवायच्या जागेखाली असते, कुठल्या सीटखाली. स्वतःला जमत नसेल तर कुणाकडून करून घ्या, पण त्या क्रमाने. आणि आसपास पेट्रोलचा वास येत असेल तर उदबत्तीसुद्धा लावू नका, त्या दिवशी देव समजून घेईल. गाडी डबल स्टँडवर वाऱ्याला उभी करायची आणि बादली-मगने वरून चिखल धुऊन काढायचा. सर्व्हिसिंग सेंटरवाल्यांचा तो जोरदार पाण्याचा फवारा इथे नको. ज्या जोडांत पाणी शिरलं नव्हतं तिथेही तो नेऊन घालतो. केस वाळवायच्या ड्रायरने वायरी वाळवायचा एक उपाय हल्ली सांगतात. घरातली वीज सुरक्षित असेल आणि ड्रायर गार हवेवर असेल तर ठीक. गरम हवेने प्लास्टिक वाकतं. मोबाईल भिजला की लोक तांदळात ठेवतात, गाडीला तेवढा तांदूळ कुठून आणायचा!

इथवर आपलं काम. पुढचं गॅरेजवाल्याचं. मी काही तुम्हाला इंजिन खोलायला सांगत नाही, मलाही ते करायचं नाही. पण शेजारी उभं राहून बघायचं आणि विचारायचं. शिलाई मशीनवाल्याकडे आपण विचारतोच ना, बॉबिन केस बदललीस की जुनीच घासून दिलीस? तसंच.

तो आधी प्लग काढेल. किल्ली बंदच. मोटरसायकल असेल तर न्यूट्रलमध्ये, आणि प्लगच्या भोकासमोर कुणी तोंड नेऊन उभं राहायचं नाही. मग किक हाताने सावकाश चार-सहा वेळा दाबली की आतलं पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. किक अडली तर तिच्यावर उभं राहून जोर करणारा मेकॅनिक असेल, तर त्याला तिथेच थांबवा.

नंतर ऑईल. इथे एक फसगत आहे, ती आपल्या स्वयंपाकघरातूनच कळते. “ऑईल बघितलं ताई, स्वच्छ आहे, बदलायला नको,” असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पाणी तेलापेक्षा जड. गाडी नुसती उभी असेल तर पाणी तळाशी बसतं आणि वर स्वच्छ तेल दिसतं. आमटीवरचा कट वेगळा दिसतो तसंच. इंजिन फिरलं की ते दोन्ही घुसळलं जातं आणि मग ते ऑईल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं. म्हणजे ऑईल पांढरट झालंय याचा अर्थ कुणीतरी आधी गाडी फिरवून बघितली आहे. स्वच्छ दिसतंय पण पट्टीवर पातळी वाढलेली आहे, याचा अर्थ खाली पाणी आहे. रेघ इंजिनाच्या वर असेल तर ऑईल काढायचंच. नवं घालायचं, गाडी थोडा वेळ चालू ठेवायची आणि तेही परत काढून दुसरं भरायचं. हे दुसऱ्यांदा काढणं पुष्कळ गॅरेजांत टाळतात, आपल्यालाही तो फुकटचा खर्च वाटतो. पण पहिल्या ऑईलने आतली भांडी विसळली, असं समजा. विसळलेल्या पाण्यात कुणी स्वयंपाक करतं का? स्कूटरला मागच्या चाकाजवळ गिअरचं थोडं वेगळं ऑईल असतं, तेही बदलून घ्या. ते विसरतातच.

हवेचा फिल्टर कागदी असेल तर नवाच. भिजलेला कागद वाळला तरी उपयोगाचा राहत नाही.

आणि पेट्रोल. पाणी पेट्रोलपेक्षाही जड, त्यामुळे टाकीतही ते खालीच बसतं, आणि गाडी पेट्रोल घेते ते खालूनच. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आपल्याच उसातून बनलेलं. २०२५ पासून ते वीस टक्क्यांपर्यंत गेलंय. इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. वरून कितीही नवं पेट्रोल ओता, गाडी दोन मिनिटं चालते आणि बंद पडते. टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही. जुन्या गाड्यांना कार्ब्युरेटर होता, त्याचा खालचा स्क्रू सैल केला की पाणी निघून जायचं. २०२० च्या एप्रिलपासून नियम बदलले, तेव्हापासूनच्या बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटर नाही, पेट्रोलचा पंप टाकीच्या आत आणि सगळा कारभार एका कॉम्प्युटरच्या डबीवर. तुमची गाडी तशी असेल तर “बघू जरा खोलून” म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका, त्या गाडीची माहिती असणाऱ्याकडेच न्या. विजेवरच्या स्कूटरचं तर वेगळंच. ती पाण्यात गेली असेल तर चालू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, घरापासून लांब मोकळ्यावर उभी करायची आणि कंपनीला फोन करायचा. भिजलेली बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माझी मावसबहीण तिथेच होती. दोन दिवसांनी फोन लागला. आधी दोघीही रडलो, ते सांगत नाही. मग तिने एक बारीकसा प्रश्न विचारला. “ताई, गाडी धुऊन पुसून वाळवली. पोरगा म्हणतोय चालू करतो. करू दे का?” मी म्हटलं, “ऑईल काढलं?” “नाही.” “प्लग?” “तो कुठे असतो?” मागून भाच्याचा आवाज, “मावशीला काय कळतंय गाडीतलं!” मी म्हटलं, त्याला फोन दे. त्याला सायकलच्या पंपाची गोष्ट सांगितली. पोरगं हुशार, लगेच कळलं त्याला. प्लग काढल्यावर पाण्याची धार निघाली म्हणून त्याने मला फोटो पाठवला. आता तो इतरांना शिकवत असतो!

सगळं केलं, वाळलं, तरी गाडी चालू होत नाही. मग? चूल पेटायला काय लागतं? सरपण, वारा आणि काडी. गाडीलाही तेच तीन, पेट्रोल, हवा आणि प्लगची ठिणगी. कुठे अडलंय ते गाडी स्वतःच सांगते, ऐकायला शिकलं पाहिजे. किल्ली फिरवली आणि समोरचा एकही दिवा लागला नाही, तर बॅटरी, फ्यूज किंवा किल्लीच्या स्विचमध्ये गाळ. दिवे लागतात, सेल्फ मारला की नुसतं टक टक, तर बॅटरी उतरली आहे किंवा इंजिन अडकलंय, आणि कुठलं ते कळेपर्यंत बटणावरचं बोट काढायचं. सेल्फ छान फिरतो पण गाडी पेट घेत नाही, तर ठिणगी किंवा पेट्रोल. प्लगच्या टोपीत पाण्याचा एक थेंब राहिला तरी ठिणगी भलतीकडे जाते. चालू होते आणि बंद पडते, तर पेट्रोलमध्ये पाणी नाहीतर फिल्टर चोंदलेला. सायलेन्सरमधून पांढरी वाफ थोडा वेळ आली तर घाबरायचं नाही, आतलं पाणी उडून जातंय. स्कूटर चालू होते, आवाज मोठा होतो पण पुढे सरकत नाही, तर डाव्या बाजूच्या कव्हरमधला पट्टा ओला आहे.

हे एवढं सांगता आलं ना, तर गॅरेजवाल्याचा आपल्याशी बोलायचा सूरच बदलतो. नाहीतर काय होतं ते मी कितीदा पाहिलंय. पुरानंतर गॅरेजसमोर पन्नास गाड्यांची रांग. बाई स्कूटर ढकलत आणते. “काय झालंय?” “चालू होत नाही.” “ठेवा. मिस्टरांना पाठवून द्या.” मिस्टर येतात ते आधी स्वतःच्या मोटरसायकलचं बघतात. स्कूटर ही घरातली ‘दुसरी’ गाडी, तिला काय घाई! आता मला सांगा, त्या दुसऱ्या गाडीवर कोण फिरतं? अंगणवाडीच्या बाई, डबेवाल्या वहिनी, ब्लाऊज शिवून तालुक्याला पोचवणारी, मुलांना शाळेत आणि सासूबाईंना दवाखान्यात नेणारी सून. डबेवाल्या वहिनींचा सव्वा महिना गेला, त्यात निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, ती परत आली नाहीत. मोटरसायकल आधी, स्कूटर मागाहून, हे कुणी बसून ठरवलेलं नसतं. तसंच चालत आलेलं असतं. पण घरात बसून हिशोब करायला काय हरकत आहे, कुठल्या गाडीच्या एका दिवसाच्या खाड्याने किती पैसे जातात? पाणी वाढायला लागल्यावरही हाच क्रम असतो. आधी मोटरसायकली उंचावर जातात, स्कूटर राहते अंगणात. इशारा आल्याबरोबर ती आपण स्वतःच हलवावी, किल्ली आपल्याकडे आहे. हलवता आलीच नाही तर निदान सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालून वर प्लास्टिक घट्ट बांधा. बोळा नंतर आठवणीने काढायचा.

विम्याचं थोडं सांगते, कारण इथे शिकलेल्या बायकाही चकतात. “आमच्या गाडीचा पाच वर्षांचा विमा आहे,” असं पुष्कळ जणी म्हणतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, तो हा. म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई. आपली गाडी पुरात गेली तर त्यातून एक रुपया मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ नावाचा भाग असतो. तो बहुधा पहिल्या वर्षापुरताच दिलेला असतो आणि पुढे दरवर्षी आपण भरायचा असतो. आजच कागद काढून त्या भागाची तारीख बघा. संपली असेल तर पावसाळ्याआधी भरा. आणि पुरात गेलेली गाडी कुणी सेल्फ मारून बिघडवली, तर ते इंजिनाचं नुकसान कंपनी पुष्कळदा नाकारते. त्यासाठी इंजिनाचं वेगळं कवच घ्यावं लागतं. म्हणजे ती एक किक दोन्हीकडून महाग पडते. गाडी गेली की आधी कंपनीला कळवायचं, त्यांचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही खोलायचं नाही. तलाठ्यांनी पंचनामा केला म्हणजे गाडीचं झालं, असं नाही, ते काम वेगळं. पॉलिसीचा नंबर आणि एजंटाचा फोन ह्यांच्याच मोबाईलमध्ये असतो, आणि ह्यांचा मोबाईल पुरात भिजलेला असतो! तुमच्या वहीतही लिहून ठेवा.

“एवढं सगळं आता बाईनेच करायचं का? आधीच काय कमी कामं आहेत?” असं मला एका सभेत एक काकू म्हणाल्या. त्यांचा राग मला समजतो. पण कुकरची शिट्टी अडकली तर आपण कंपनीचा माणूस येईपर्यंत उपाशी बसत नाही. रिंग बदलतो, वॉल्व्ह बघतो. गॅसचा रेग्युलेटर, मशीनचा पट्टा, निरांजनाची वात, सगळं आपल्या हाताखालचं. जी वस्तू रोज वापरतो तिचं पोट कुठे दुखतं हे आपल्याला कळतं. गाडीच तेवढी परकी राहिली, कारण ती शिकवताना आपल्याला फक्त ब्रेक आणि एक्सलेटर दाखवला, झाकण उघडून कुणी दाखवलंच नाही.

म्हणून आमच्या गटात आम्ही ठरवलंय, मे महिन्याच्या बैठकीला गावातल्या एका गॅरेजवाल्या भाऊंना बोलवायचं. हळदीकुंकवाला पाहुणे बोलावतो तसं नाही, तासाभराचे पैसे देऊन. एक जुनी स्कूटर मध्ये उभी करायची आणि प्रत्येकीने प्लग कुठे, ऑईलची पट्टी कुठे, बॅटरी कुठे, फिल्टर कुठे, हे स्वतः हात लावून बघायचं. भाऊ आधी लाजले, म्हणाले, “ताई, बायकांसमोर मी काय बोलणार?” मग म्हणाले, “पैसे नकोत, पण एक करा. पुराच्या वेळी कुणालाही गाडी ढकलत आणायला सांगा, ढकलून चालू करायला नको. आणि येताना पाण्याची रेघ पुसू नका.” पैसे आम्ही देणारच आहोत. ज्या जणींच्या गाड्या २०२० नंतरच्या आहेत त्यांनी आपली गाडी घेऊनच या, असंही त्यांनी सांगितलंय, म्हणजे टाकी आणि ती कॉम्प्युटरची डबी कुठे असते ते दाखवता येईल.